खुळखुळणारी बाटली

दक्षिण आफ्रिकेत एच.आय.व्ही.पासून संरक्षण देणारी गोळी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. परंतु जिच्या घरी बाटलीचा खुळखुळाट ऐकताच जोडीदार ‘ही कोणासाठी?’ म्हणत हात उगारतो, ती स्त्री गोळ्या कापसात गुंडाळून पिठाच्या डब्यात दडवते, आणि भयाने व खिन्नतेने मन खचले की एके दिवशी त्या घेणेच सोडते. यात तिची कसूर पाहणारे अंमलदार मला निष्ठुर वाटतात. तेथे व युगांडात झालेल्या चाचणीत, गोळीऐवजी वर्षातून दोनदा टोचायचे लेनाकापाविर हे औषध घेणाऱ्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे २०२४ साली जाहीर झाले. औषध मोठेच, तथापि त्याने मारहाण थांबत नाही, म्हणून सुई टोचणाऱ्या परिचारिकेने घरची हकिकत एकांतात, मायेने विचारावी, आणि ती ऐकण्यास लागणारी सवड व समुपदेशकाची तजवीज सरकारने करावी.