सतराव्या खंडापासून?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या गांवांतून महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांत जपानी चित्रकथांचें, ज्यांना ते ‘मांगा’ म्हणतात त्यांचें, वेड चांगलेंच पसरलें आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. कर्जतकडील गाडीच्या गर्दीत उभ्यानें कांहीं वाचणारा तरुण आम्हांस नेहमींच आदरणीय वाटत आला आहे. तक्रार आहे ती त्यांचे जाणते म्हणविणारे मित्र जो सल्ला देतात त्याबद्दल. ‘आरंभीचे खंड रटाळ आहेत, ते सोडून दे; खरी मारामारी सुरू होते तेथून वाच’ असा हा सल्ला होय.

‘ड्रॅगन बॉल’ हीच कथा घ्या. अकिरा तोरियामा यांनीं ती १९८४ ते १९९५ या काळांत लिहिली व रेखाटली. तिचे बेचाळीस खंड झाले. मूळ जपानींत ती एकच सलग कथा आहे. परंतु १९८९ सालीं उत्तरार्धाची दूरचित्रवाणी-मालिका निघाली, तेव्हां तीस ‘ड्रॅगन बॉल झेड’ असें निराळें नांव मिळालें. आणि अमेरिकेंतील इंग्रजी प्रकाशकानें तेंच नांव पुस्तकांस लावून मूळच्या सतराव्या खंडावर ‘पहिला’ असा आंकडा छापला. सोळा खंड अशा रीतीनें एका अक्षराआड गेले.

गेले तर काय बिघडलें? सतराव्या खंडांत गोकूचा भाऊ रॅडिट्झ अवतरतो आणि त्याच्याशीं लढण्यासाठीं गोकू व पिकोलो एकत्र येतात. येथून आरंभ करणाऱ्यास दिसते ती दोन बलवानांची तिसऱ्याशीं झुंज. पण मागील खंड ज्यानें वाचले त्यास ठाऊक असतें कीं, हा पिकोलो गोकूचा जन्मवैरी आहे. त्याच्या पित्याचा गोकूनें वध केला आणि तो सूड घेण्यासाठींच जन्मास आला. पुढें हाच पिकोलो गोकूच्या लहानग्या मुलाला युद्धविद्या शिकवितो व त्याच्या रक्षणार्थ प्राणही देतो. मागचें वैर ज्यास ठाऊक नाहीं, त्यास या प्राणार्पणाची किंमत कशी कळावी? त्याच्या वांट्यास ठोसे तेवढे येतात.

आणि ज्यास रटाळ म्हणतात त्यांत आहे तरी काय? गोकू व क्रिलिन हे दोन पोर म्हाताऱ्या गुरूकडे राहतात. तो त्यांना दारोदार दूध घालावयास लावतो, नुसत्या हातांनीं शेत नांगरावयास लावतो, आणि मग हेंच सर्व पाठीवर कासवाचें जड कवच बांधून! पुढील चाळीस लढायांचें बळ येथें मिळविलेलें आहे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयांतही मंडप ओलांडून पायऱ्या उतरल्यावांचून गाभारा लाभत नाहीं. तेथें मात्र हे मित्र निमूटपणें पायऱ्या उतरतात.

कोणी संस्कृतज्ञ यावर महाभारताचा दाखला देतील. आदिपर्वांतच म्हटलें आहे कीं, भारताचा आरंभ कोणी मनूपासून, कोणी आस्तीकापासून, तर कोणी उपरिचर राजापासून धरतात. खरें आहे, पण हे तिन्ही आरंभ युद्धाच्या कितीतरी मागें आहेत. द्रोणपर्वापासून प्रारंभ करावा असें त्यांत कोणी म्हटलेलें नाहीं! दुसरे कोणी बाबुराव अर्नाळकरांकडे बोट दाखवितील. झुंजार किंवा काळा पहाड यांची कोणतीही कथा हातीं घ्यावी, अडत नाहीं. अडत नाहीं, कारण तेथील रहस्य ज्या पुस्तकांत उद्भवतें त्यांतच उलगडतें. सुट्या कथांची माळ आणि खंडाखंडांनीं वाढत जाणारी एक कथा, या दोहोंतला भेद ज्यांस दिसत नाहीं त्यांनीं इतरांस वाचनाचे सल्ले देऊं नयेत.

ज्या मुलाच्या हातीं रद्दीच्या दुकानांत एखादा सुटा विसावा खंड लागतो, त्यास आम्ही दोष देत नाहीं. त्यानें तो अवश्य वाचावा. मागें काय घडलें असेल ही हुरहूर त्यास पहिल्या खंडाकडे नेईल. ‘मागें वाचण्यासारखें कांहीं नाहीं’ असें सांगून ती हुरहूरच मारून टाकणें हा मात्र अपराध आहे. आमच्या गांवांतील वाचनालयांनीं या कथा घेतांना गाजलेल्या लढायांचे सुटे खंड घेऊं नयेत. पैसे थोडे असतील तर पहिले पांचच घ्यावे. सहावा मागावयास मुलें आपण होऊन येतील.