पतीने लपवलेल्या उत्पन्नाचा कर पत्नीला भरावा लागतो का?

समजा, केळशीत एका जोडप्याचा होमस्टे आहे. आंब्याचे उत्पन्न करमुक्त असते, होमस्टेचे नाही. पती कमाई रिटर्नमध्ये दाखवत नाही आणि ते पैसे पत्नीच्या नावे मुदत ठेवीत ठेवतो. व्याजही कुणी दाखवत नाही. मग नोटीस कुणाला?

दोघांचा रिटर्न एकच असतो का?
नाही. भारतात दोघांचा पॅन वेगळा, रिटर्नही वेगळा. होमस्टेच्या कमाईचा जाब पतीलाच द्यावा लागतो. अमेरिकेत एकत्र रिटर्न भरल्यास संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर येते; मात्र निर्दोष जोडीदाराला सूट मागता येते.

म्हणजे पत्नी सुटली?
पूर्णपणे नाही. प्राप्तिकर कायद्यानुसार ठेवीचे व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाते. पण ठेव पत्नीच्या नावावर असल्याने, त्या व्याजावरचा कर भरण्याची नोटीस तिलाही येऊ शकते. पत्नीने पतीला पैसे दिले, तरी नियम तोच.

काय करावे?
प्राप्तिकर पोर्टलवर स्वतःचे वार्षिक माहिती विवरण (एआयएस) पाहा. तुमच्या पॅनवरचे व्याज तिथे दिसते. ठेवीतले पैसे कुणाचे, याची नोंद ठेवा. स्वतःच्या कमाईतून केलेल्या ठेवीचे व्याज तुमचेच धरले जाते.