टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेण्याआधी रक्त काय सांगतंय, ते बघा

बेळगाव : गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी मिळून ऑफरमधलं 'फुल बॉडी चेकअप' केलं. रक्त घ्यायला सकाळी सातला येतो म्हणालेला मुलगा उगवला दुपारी सव्वातीनला. तोवर आमचं जेवण झालेलं. 'साखरेचं नंतर बघू सर, बाकीचं घेतो,' म्हणाला आणि घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट आला. माझं टेस्टोस्टेरॉन 271, पुढं लाल अक्षरात 'लो'. तासाभरात फोन. 'सर, तुमचा हार्मोन कमी आहे, आमच्या डॉक्टरांशी ऑनलाईन बोलून कोर्स सुरू करता येतो.' संध्याकाळी ओळखीच्या औषध दुकानात सहज विषय काढला तर उत्तर आलं, 'अण्णा, इंजेक्शन आहे की. चिठ्ठी नंतर आणून द्या.'

वय सेहेचाळीस. थकवा खरा होता, चिडचिड खरी होती. घेतलंही असतं. पण आमचे जुने फॅमिली डॉक्टर रिपोर्ट बघून हसले. म्हणाले, 'अहो, दुपारी जेवून दिलेल्या रक्तावर हा निकाल कोण लावतो? आठवडाभर नीट झोपा. मग दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आठला, उपाशीपोटी रक्त द्या.' दिलं. एकदा 418, एकदा 396. म्हणजे हार्मोन ठीक होता. कमी होतं ते बी-12, आणि झोप.

ही माझी एकट्याची गोष्ट असती तर इथं लिहिली नसती. पण आज बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जा, हा विषय हळू आवाजात सुरू आहे. मोबाईलवर जाहिराती, जिममध्ये सल्ले, आणि आता चेकअपच्या पॅकेजमध्ये आपोआप येणारा हा एक आकडा. मागितला नसताना आलेला आकडा माणसाला घाबरवतो. आणि घाबरलेलं गिऱ्हाईक बाजाराला आवडतं.

अमेरिकेतली बातमी, आणि तिचं इथं झालेलं भाषांतर

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टेस्टोस्टेरॉनच्या औषधांवरील सूचना बदलायला सांगितल्या. हृदयविकाराच्या धोक्याचा जो ठळक इशारा होता, तो काढला. यामागं 'ट्रॅव्हर्स' नावाची मोठी चाचणी होती. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. 45 ते 80 वयाचे, हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले पाच हजारांहून जास्त पुरुष तिच्यात होते. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण 7.0 टक्के, आणि न घेणाऱ्यांत 7.3 टक्के. म्हणजे फरक नाही.

बस्स, एवढंच इकडं पोहोचलं : 'आता सेफ आहे, अमेरिकेनं सांगितलंय.' मात्र बातमीचा उरलेला अर्धा भाग वाटेतच गळला.

पहिलं, त्या चाचणीत कुणालाही उचलून घेतलेलं नव्हतं. लक्षणं असलेले, आणि उपाशीपोटी केलेल्या दोन तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन 300 च्या खाली आलेलेच पुरुष घेतले होते. दुसरं, त्यांना त्वचेवर लावायचं जेल दिलं होतं, जिममधल्या बाकड्यावर बसवून टोचलेलं इंजेक्शन नव्हे. तिसरं, रक्त वेळोवेळी तपासून डोस कमी-जास्त केला जात होता. इतकं करूनही औषध घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकणं आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणं यांचं प्रमाण जास्त दिसलं. आणि त्याच 2025 च्या बदलात रक्तदाब वाढण्याचा इशारा नव्याने जोडला गेला. निव्वळ वयामुळे उतरलेल्या हार्मोनसाठी ही औषधं मंजूर नाहीत, हे वाक्यही तसंच ठेवलं.

तेव्हा 'सेफ' हा शब्द तपासणी करून, देखरेखीखाली घेणाऱ्यांसाठी आहे. तपासणीच वगळली तर तो निष्कर्ष आपल्याला लागू होत नाही.

रक्त कधी द्यायचं, हेच अर्धं काम

टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. जेवणानंतरही उतरतं. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि दोन वेगळ्या दिवशी. एका रिपोर्टवर निदान करायचं नाही, यावर अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांची संघटना आणि मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना, दोघांचंही एकमत आहे. मर्यादा मात्र दोघांची थोडी वेगळी : एक 264 धरते, दुसरी 300. आणि नुसता आकडा पुरत नाही, त्यासोबत लक्षणंही हवीत.

ताप, डेंगी, ऑपरेशन, मोठं आजारपण यांत हा आकडा खाली जातोच. बरे झाल्यावर काही आठवडे थांबूनच रक्त द्यावं. झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठाच्या 2011 च्या एका छोट्या अभ्यासात तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. आता उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये आठवड्याआड नाईट शिफ्ट करणारी आपली पोरं आठवा. रात्रभर जागून, शिफ्ट सुटल्यावर घरी जाता जाता लॅबमध्ये रक्त दिलं तर रिपोर्ट काय येणार? डे शिफ्टचा आठवडा असताना, दोन-चार रात्री पुरती झोप झाल्यावरच द्यावं. आणि लॅबमध्ये शिफ्टची गोष्ट आवर्जून सांगावी.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारेही पुष्कळ आहेत. काही लॅबच्या पद्धतीत त्या गोळ्यांमुळे हार्मोनचे आकडे चुकतात. त्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगा. ते म्हणतील तितके दिवस बंद ठेवून मग रक्त द्या.

आणखी एक घोळ आपल्या भागात नेहमी होतो. माणूस पहिली तपासणी बेळगावात करतो, दुसरी कोल्हापूरला, आणि दाखवायला मिरजेला किंवा बांबोळीला जातो. एका लॅबचा आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरीचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, तिसरीचा नॅनोमोलमध्ये. 300, 3 आणि 10.4 हे तिन्ही आकडे एकच आहेत! शंभराची नोट, दहाची नाणी आणि डॉलर एकाच रकान्यात लिहून बेरीज मारल्यासारखं होतं. शक्यतो दोन्ही वेळा एकाच, मान्यताप्राप्त लॅबमध्ये जा.

कोणत्या तपासण्या, आणि कशासाठी

मी पडलो बी.कॉम. माझ्या भाषेत सांगायचं तर औषध सुरू करण्याआधीचं रक्त म्हणजे ओपनिंग बॅलन्स. तो लिहिलेलाच नसेल तर पुढं नफा झाला की तोटा, कोणताही सीए सांगू शकणार नाही.

एकूण टेस्टोस्टेरॉन : वर सांगितल्याप्रमाणे दोनदा.

एसएचबीजी आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन : रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं असतं जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. पोट सुटलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसात एसएचबीजी हे प्रथिनच कमी असतं. त्यामुळं एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळा हार्मोन पुरेसा असू शकतो. आकडा काठावर असेल तर ही तपासणी निर्णय फिरवते.

एलएच आणि एफएसएच : सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी या दोन हार्मोनांतून अंडकोषाला हुकूम देते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, म्हणजे हुकूम येतोय पण कारखाना चालत नाही. कारण जन्मजात असू शकतं, किंवा वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाचा परिणाम. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी, तर हुकूमच येत नाही. मग प्रोलॅक्टिन, थायरॉईड, शरीरातलं लोह बघावं लागतं, आणि गरज पडली तर डोक्याचा एमआरआय. पिच्युटरीवरची गाठ कधी कधी अशीच सापडते. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉईडं किंवा अफूवर्गातली वेदनाशामकंही हुकूम बंद पाडतात.

सीबीसी, त्यातला हिमॅटोक्रिट : टेस्टोस्टेरॉननं तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट आधीच 48 टक्क्यांच्या वर असेल तर सुरू करू नये, आणि औषध घेताना 54 च्या वर गेला तर थांबवावं, असं हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आणि झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यांचा हा आकडा आधीच वर असू शकतो.

पीएसए : प्रोस्टेटसाठी. पंचावन्न ओलांडलेल्यांनी, आणि घरात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर चाळिशीपासूनच, डॉक्टरांशी बोलून करावी. 4 च्या वर असेल तर आधी मूत्रविकारतज्ज्ञ, मग बाकीचं.

एचबीए1सी, कोलेस्टेरॉल, लिव्हर, क्रिएटिनिन, टीएसएच, बी-12 : थकव्याचा खरा चोर बहुतेक वेळा यातच सापडतो. साखर आटोक्यात आली, वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं, हे किती जणांना सांगितलं जातं?

सोबत रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. त्याला तर पैसेही पडत नाहीत.

मूल हवं असेल तर आधी थांबा

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती. ओळखीतला एक मुलगा, वय बत्तीस, सीएनसी मशीनवर ऑपरेटर. लग्नाला तीन वर्षं झालेली. जिममधल्या एकानं सांगितलं म्हणून आठ महिने इंजेक्शनं घेतली, एकही तपासणी न करता. अंग भरलं, पोरगं खूष. घरचे मात्र सुनेला घेऊन डॉक्टरांच्या दारोदार फिरत होते. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोन वेळा सोनोग्राफी झाली, नवससुद्धा बोलून झाला. शेवटी एका डॉक्टरनं याचं वीर्य तपासायला सांगितलं. शुक्रजंतू शून्य.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिच्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे, हुकूम कशाला द्यायचा? एलएच, एफएसएच बंद पडतात, आणि त्यासोबत शुक्रजंतू बनणंही. हे इतकं पक्कं आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 च्या दशकात याच इंजेक्शनांची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. जे औषध संततिनियमनासाठी तपासलं गेलं, तेच आपल्याकडं 'मर्दानगी'साठी विकलं जातंय!

इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू काही महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत परत येतात. पण प्रत्येकाची हमी कुणी देत नाही. त्या मुलाला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'सुरू करण्याआधीचे रिपोर्ट आहेत का?' नव्हते. त्यामुळं मुळात दोष होता की इंजेक्शननं झाला, हे आज कुणालाच सांगता येत नाही. ओपनिंग बॅलन्स नाही. तीन वर्षं त्या सुनेनं ऐकलेले टोमणे कोणत्या खात्यावर मांडायचे, ते तर विचारूच नका.

म्हणून, मूल हवं असलेल्यानं वीर्यतपासणी आधी करावी आणि डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावं. हार्मोन खरंच कमी असेल तर शुक्रजंतू न मारता करायचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञाकडंच.

जबाबदारी कुणाची?

कायदा कमी नाही. टेस्टोस्टेरॉन हे शेड्यूल एच मधलं औषध. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. चिठ्ठी 'नंतर' चालत नाही. आमच्यासारख्या सीमाभागात तर इथं मिळालं नाही की चंदगडला, नाहीतर गोव्याला, दुचाकीवर तासा-दोन तासांत दुसऱ्या राज्याची हद्द. दोन्हीकडच्या औषध निरीक्षकांनी जिमशी साटंलोटं असलेली दुकानं एकदा तपासावीत, ही मागणी फार मोठी नाही.

पैशाचा प्रश्नही खरा आहे. सरकारी आरोग्य योजना, मग ती कर्नाटकची असो वा महाराष्ट्रानं 865 गावांसाठी लागू केलेली, मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. अशा तपासण्यांचा खर्च खिशातूनच जातो. म्हणून सगळं एकदम करू नका. आधी सकाळचं एकूण टेस्टोस्टेरॉन, सीबीसी, साखर, थायरॉईड. पहिला आकडा नीट आला तर तिथंच थांबा. कमी आला तरच दुसऱ्यांदा, आणि मग एलएचपासून पुढची यादी.

आणि दोन्ही वेळा खरंच कमी आलं, लक्षणंही आहेत, कारणही सापडलं, तर उपचार घ्यायला अजिबात लाजू नका. ज्याला गरज आहे, त्याचं आयुष्य या औषधानं सुधारतं. फक्त तीन ते सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन आणि हिमॅटोक्रिट पुन्हा तपासा, पुढं दरवर्षी. पीएसए डॉक्टर सांगतील तसा.

माझ्या फोनवर त्या कंपनीचे मेसेज अजून येतात. '20 टक्के सूट, आजच सुरू करा.' मी सकाळच्या दोन्ही रिपोर्टांची प्रिंट काढून फाईलला लावून ठेवली आहे. तुमच्या घरात कुणी असा कोर्स सुरू करायच्या बेतात असेल, तर त्याला एवढंच विचारा : 'आधीचे रिपोर्ट कुठं आहेत?'