लवचिक कोण आणि वाकतंय कोण?

परवा टीमची पार्टी होती, पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात. स्टार्टर्स घेऊन येणाऱ्या पोराला सहज विचारलं, "किती वर्षं आहेस रे इथे?" तो हसला. "इथे फक्त आज रात्री, सर. उद्या कुठे ते एजन्सीचा मेसेज आला की कळेल."

टेबलावरचा एक मित्र म्हणाला, "अरे, हे तर क्लाउडसारखं झालं! लोड वाढला की सर्व्हर चालू, उतरला की बंद." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. बंद केलेल्या सर्व्हरला भूक लागत नाही राव. त्याला खोलीचं भाडंही भरायचं नसतं.

आता हॉटेलचा धंदा चढउताराचा आहे हे मान्य. गोव्यातला डिसेंबर आणि गोव्यातला जुलै सारखा नसतो, लग्नं मुहूर्तावरच होतात. पण चादरी बदलणं, भांडी घासणं, बाथरूम धुणं हे तर रोजचंच काम ना? ते कंत्राटावर कशाला? सीझन हे निमित्त आहे, खरी सोय जबाबदारी झटकण्याची.

आणि कायदा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आस्थापनेच्या मुख्य कामावर कंत्राटी माणसं लावायला त्यांत बंदी आहे. वा! हाउसकीपिंग मुख्य कामात धरत नाहीत, पण आस्थापनाच त्यासाठी काढली असेल तर गोष्ट वेगळी. आता हॉटेल आणखी कशासाठी काढतात हो? स्वच्छ खोली आणि जेवण, संपलं! पण थांबा, पुढे पळवाट आहेच. ते काम 'साधारणपणे' कंत्राटदाराकडूनच होत असेल तर चालतं. म्हणजे वर्षानुवर्षं लावून घेतलेली खोडच परवाना झाली! शिवाय हे नियम ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथेच. केंद्राच्या १९७० च्या कायद्यात हा आकडा २० होता.

बरं, दुसरा मार्ग नाही असंही नाही. त्याच संहितांमध्ये ठरावीक मुदतीची नोकरी आहे. माणूस थेट हॉटेलच्या पगारावर, कायम कामगाराइतकंच वेतन, वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क. सीझनपुरती माणसं हवीत? घ्या की अशी! मालकाची सोय होते आणि माणसाच्या हातात कागद राहतो.

आपलं प्रोजेक्ट संपलं की आपण बेंचवर बसतो, वैतागतो, पण निदान काही महिने पगार येतो. त्या पोराला बेंचच नाही. लग्न रद्द झालं की त्याचा दिवस रद्द.

तेव्हा पुढच्या ऑफसाइटचं कोटेशन मागवाल तेव्हा एवढंच विचारा, वाढणारी माणसं कुणाच्या पगारावर आहेत? पनीर टिक्का कितीला हे विचारतोच ना आपण?

असो. बघा पटतंय का.