चिमूटभर मीठ आणि चोवीस वर्षांचा विलंब

वैद्यकीय महाविद्यालयांची आणि ‘एम्स’च्या धर्तीवरील संस्थांची संख्या गेल्या काही वर्षांत देशभर झपाट्याने वाढली आहे. नागपूर येथील संस्थेचे वर्ग २०१८ मध्ये सुरू झाले. या विस्ताराची चर्चा बहुधा इमारती, खाटा, यंत्रसामग्री आणि प्रवेशांच्या जागा या चार आकड्यांभोवती फिरते. अशा संस्थेने देशाला नेमके काय द्यावयाचे आणि तिच्या प्रमुखाकडून कोणती अपेक्षा ठेवावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना दिल्लीच्या मूळ संस्थेचे १९६९ ते १९७९ या काळातील संचालक डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल.

आंध्रातील श्रीकाकुलम येथे १९२१ मध्ये जन्मलेले रामलिंगस्वामी विशाखापट्टणमच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाले. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्यांनी प्रथिनांच्या अभावाने शरीरावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला, ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविली आणि १९५७ मध्ये ते दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही संस्था तेव्हा नुकतीच स्थापन झाली होती आणि तिचे पहिले संचालक डॉ. बी. बी. दीक्षित हे पुण्याच्या वैद्यकीय शिक्षणक्षेत्रातून आलेले होते. विकृतिशास्त्रज्ञाचे काम एरवी सूक्ष्मदर्शकापुरते आणि शवविच्छेदनाच्या टेबलापुरते मर्यादित मानले जाते. रामलिंगस्वामींचे वैशिष्ट्य असे की, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या विकृतीचे मूळ ते समाजाच्या ताटात शोधीत गेले.

हिमाचलातील कांग्रा खोऱ्यातील प्रयोग हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड पिढ्यान्‌पिढ्या घर करून होता. डोंगरउतारावरील मातीतून आयोडिन वाहून जाते, म्हणून धान्यात ते उतरत नाही आणि धान्यात नाही म्हणून माणसाच्या शरीरातही पोहोचत नाही, हे कारण तसे ज्ञात होते. परंतु आयोडिनयुक्त मीठ दिल्याने एका संपूर्ण प्रदेशातील रोग हटतो काय, हे भारतीय परिस्थितीत सिद्ध व्हावयाचे होते. १९५६ पासून एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या या भागाचे तीन विभाग पाडण्यात आले. दोन विभागांना आयोडिनयुक्त आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरविण्यात आले. प्रारंभी गलगंडाचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होते. १९६२ पर्यंत आयोडिन मिळालेल्या विभागांत ते निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली आले आणि साध्या मिठाच्या विभागात जवळजवळ जैसे थे राहिले. पुढे तिसऱ्या विभागालाही आयोडिन मिळू लागल्यावर तेथेही तीच उतरण दिसली. या दीर्घ प्रयोगाचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत डॉ. एम. जी. देव आणि डॉ. एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावेही आहेत.

शास्त्राचे काम येथे संपले. शासनाचे मात्र सुरू होऊन रेंगाळले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आखला गेला खरा, पण त्याची व्याप्ती हिमालयीन पट्ट्यापुरती राहिली. आयोडिनयुक्त मिठाचे उत्पादन सरकारी क्षेत्रातील मोजक्या कारखान्यांकडे ठेवण्यात आले, आणि ते मागणीला कधीच पुरे पडले नाही. खाजगी उत्पादकांना १९८३ मध्ये वाव मिळाला आणि सर्व खाद्य मीठ टप्प्याटप्प्याने आयोडिनयुक्त करण्यास १९८६ मध्ये प्रारंभ झाला. म्हणजे पुरावा हाती आल्यापासून निर्णयाच्या अंमलापर्यंत चोवीस वर्षे लोटली.

हा विलंब का झाला, याचे अर्थशास्त्रीय उत्तर उद्बोधक आहे. आयोडिन डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि त्याचा अभाव दुखत नाही. ज्या वस्तूची उणीव ग्राहकाला जाणवतच नाही, तिची मागणी बाजारात आपोआप निर्माण होणे शक्य नसते. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे, तो तर अद्याप जन्मालाही आलेला नसतो. गर्भावस्थेत आयोडिन न मिळाल्यास मुलाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते. पूर्व उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांत नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्त तपासून दिल्लीच्या संस्थेतील संशोधकांनी ही गोष्ट समोर आणली, तेव्हा कुठे गळ्यावरची गाठ हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे, तर प्रश्न एका पिढीच्या बुद्धीचा आहे, हे राज्यकर्त्यांना उमगले. रोगनिवारणाचा लाभ असा विखुरलेला, दूरचा आणि अदृश्य असतो. उलट रुग्णालयाच्या उद्घाटनाचा लाभ तात्काळ आणि फीत कापण्याजोगा असतो. अंदाजपत्रकात कोणाचे पारडे जड होते, हे सांगावयास नको.

आयोडिनाच्या सक्तीला झालेला विरोध सर्वस्वी निराधार होता, असे मात्र नाही. आयोडिन मिसळण्याचा खर्च किलोमागे पैशांत मोजावा इतका अल्प असला, तरी शुद्धीकरण, वेष्टन आणि जाहिरात यांचा बोजा ग्राहकावर पडतो. मिठागरांतील लहान उत्पादक मागे पडतो आणि बड्या कंपन्यांचे फावते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मीठ हा या देशात स्वातंत्र्याचा विषय असल्याने त्याला भावनिक धारही होती. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये आलेली केंद्रीय बंदी २००० मध्ये उठविण्यात आली. पुरेसे आयोडिन असलेले मीठ वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९९८-९९ च्या पाहणीत ४९ टक्के होते. बंदी उठल्यानंतर, २००२ ते २००४ या काळातील पाहणीत, ते ३० टक्क्यांवर घसरले. बंदी २००६ मध्ये पुन्हा अमलात आली आणि २०१८-१९ च्या पाहणीत हे प्रमाण ७६ टक्क्यांवर गेलेले आढळले. लहान उत्पादकाचे रक्षण करावयाचे तर त्याला आयोडिन मिसळण्याची साधने आणि पतपुरवठा द्यावा. त्यासाठी मुलांच्या मेंदूची किंमत मोजण्याचे कारण नाही.

संस्थाप्रमुख म्हणून रामलिंगस्वामींचे मोठेपण या सीमारेषेवर उभे राहण्यात होते. १९७९ ते १९८६ या काळात ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक होते. या काळात त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने, जे. पी. नाईक यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञाच्या सहकार्याने, १९८१ मध्ये ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर पर्यायी व्यूहनीती मांडली. शहरी, रुग्णालयकेंद्री आणि डॉक्टरांवर विसंबलेल्या व्यवस्थेऐवजी गावापासून वर उभारलेली आरोग्यसेवा आणि त्यासाठी सहस्रकाच्या अखेरीपर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च, ही त्यातील दिशा होती. देशातील सर्वांत प्रतिष्ठित रुग्णालय दहा वर्षे चालविलेल्या व्यक्तीने हे म्हणावे, याला विशेष अर्थ आहे. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट ठेवले, आणि तेही गाठता आलेले नाही.

निवृत्तीनंतरही त्यांच्या प्रश्नांची जात बदलली नाही. १९९४ च्या सुरत प्लेगनंतरच्या तांत्रिक समितीचे ते प्रमुख होते. १९९६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक अर्थशास्त्रीय कोडेच मांडले: आफ्रिकेतील अनेक देशांपेक्षा सुस्थितीत असूनही दक्षिण आशियातील बालके अधिक कुपोषित का? त्याचे उत्तर त्यांनी धान्याच्या कोठारात नव्हे, तर स्त्रीच्या दुय्यम स्थानात, जन्मतःच कमी वजनात आणि अस्वच्छतेत शोधले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

या कारकिर्दीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. नव्या संस्थांच्या यशाचे माप शस्त्रक्रियांच्या संख्येत घेतले जाईल, तोवर त्यांच्या प्रमुखांना कांग्रासारखा प्रयोग करण्याची सवड आणि प्रेरणा लाभणार नाही. प्रत्येक संस्थेला भोवतालच्या जिल्ह्यांच्या एखाद्या जुनाट आरोग्यप्रश्नाची जबाबदारी द्यावी, त्यासाठी दहा-पंधरा वर्षांचा अखंड निधी द्यावा आणि निष्कर्ष हाती आल्यावर शासनाने किती अवधीत निर्णय घ्यावयाचा, याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. संशोधनाला सतरा वर्षे लागली, तर ते समजण्याजोगे आहे. पण सिद्ध झालेले सत्य दोन तपे कागदावर पडून राहते, तेव्हा त्या काळात जन्मलेल्या मुलांना भरपाई देण्याची सोय कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.