आधी तिथी, मग किनारा

मुलांच्या परीक्षा संपल्या की आमच्या घरात एकच घोषणा होते, ‘समुद्रावर जाऊ या!’ मग मोठ्यांची चर्चा रंगते. गर्दी कुठे कमी, गाडी कुठपर्यंत जाते, जेवणाची सोय काय. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असाच सगळा विचार करून एक किनारा निवडला. फक्त समुद्राला विचारायचे राहिले.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही पोहोचलो. पाणी मागे सरकत होते आणि मुले त्याच्यामागे धावत होती. माझा नऊ वर्षांचा भाचा जेमतेम गुडघाभर पाण्यात उभा होता. एक लाट परतली, पायाखालची वाळू सरकली आणि तो बसकण मारून दोन हात आत ओढला गेला. शेजारीच उभ्या असलेल्या यजमानांनी त्याचा दंड धरला म्हणून निभावले. परतीच्या प्रवासात कुणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मासे घेऊन आलेल्या कोळीणमावशींना हे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिथी कंची व्हती?” मी गप्प! कालनिर्णय भिंतीवरच होते, पण ते पाहायचे सुचले कुणाला?

पाऊणपटीचा हिशेब

किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि त्यानंतर तितक्याच वेळाने पुन्हा भरती. हा मुंबईच्या आसपासचा ढोबळ हिशेब आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी.

आता सहलीचा दिवस ठरवा. पंचमीच्या आसपास सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी संपते आणि दुपारपर्यंत पाणी चढत राहते. मुलांना पाय भिजवायचे असतील तर हा वेळ त्यातल्या त्यात बरा. द्वादशीला मात्र सकाळी नऊला भरती, म्हणजे ऐन सहलीच्या वेळी पाणी ओसरणार. त्या दिवशी वाळूत किल्ले करा, शंख-शिंपले वेचा. पाण्यात शिरू नका. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते, ओढही जोरात असते. तेव्हा समुद्र काठावरूनच पाहावा.

कुठे जाल?

अलिबाग : गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा, पुढे बस किंवा रिक्षा. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्याने गाडीही नेता येते. ओहोटी पुरेशी असेल तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. मात्र पाणी चढण्याआधी परतायचे, नाहीतर किल्ल्यातच अडकाल. गर्दी नको असेल तर जवळच किहीम आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो याच गावात.

केळवे : डहाणू लोकलने केळवे रोडला उतरायचे, बाहेर रिक्षा मिळतात. सुरूच्या बनाची सावली आणि जवळच शितलादेवीचे मंदिर असल्याने आजी-आजोबांना घेऊन जायला सोयीचे. ओहोटीला येथे लांबलचक वाळू उघडी पडते. मुलांच्या क्रिकेटला याहून चांगले मैदान नाही!

मनोरी-गोराई : वेळ कमी असेल तर मार्वेहून होडीने खाडी ओलांडली की मनोरी, बोरिवलीच्या बाजूने गेलात तर गोराई. मुलांना होडीचीच मजा जास्त वाटते.

आक्सा : जवळ आहे, देखणाही आहे. पण तेथे बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. मावळता सूर्य पाहा आणि घरी या.

एवढे पाळाच

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती पोहायला नवखी, हसतखेळत आलेली मुले होती. अशी बातमी वाचून आपण हळहळतो आणि पुढच्या रविवारी तीच चूक करतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकाला विचारा आणि ‘नको’ म्हणाले तर वाद घालू नका. दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस नेमा आणि त्याच्या हातात मोबाइल देऊ नका. जेवणानंतर लगेच पाण्यात जाऊ नका. डबे, चटई आणि कोरडे कपडे भरतीच्या ओल्या रेषेच्या बऱ्याच वर ठेवा. प्लास्टिकची एकही पिशवी मागे सोडू नका.

गेल्या महिन्यात पुन्हा केळव्याला गेलो. निघण्याआधी भाच्यानेच कॅलेंडर पाहिले, बोटांवर हिशेब केला आणि जाहीर केले, “मामी, या रविवारी नको, पुढच्या रविवारी!” सहल आठवडाभर पुढे गेली. कुणीही कुरकुर केली नाही.