तापाआडचा आजार

पावसाळा लागला की मये-डिचोली भागात ताप हा घरोघरचा पाहुणा होतो. डेंग्यू, हिवताप, लेप्टो यांची तपासणी होते. काहीच न सापडल्यास 'व्हायरल' म्हणून रुग्णाची बोळवण होते. बहुधा ते खरेही असते. परंतु क्वचित त्याच तापाआड एचआयव्हीची पहिली चाहूल दडलेली असते, हे आम्ही सारे सोयीस्करपणे विसरतो.

संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, पुरळ येते व आपोआप ओसरते. पुढची ८-१० वर्षे उपचाराविनाही बहुधा शांततेत जातात. काहींच्या वाट्याला ही उसंत येत नाही. आरंभीच मेंदूच्या आवरणाला सूज येते, घशात बुरशी धरते, सीडी-४ पेशी झपाट्याने घटतात. असे का व्हावे? दोष कधी विषाणूचा, कधी शरीराचा, पुष्कळदा दोघांचाही. आरंभी बहुतेक विषाणू सीसीआर-५ या दाराने पेशीत शिरतात. सीएक्ससीआर-४ हे दुसरे दार उघडणारा वाण शिरला, किंवा दोन वाणांची लागण झाली, तर ऱ्हास लवकर होऊ शकतो. उलट एचएलए-बी ५७ वा बी २७ हा वारसा लाभलेल्यांचे शरीर विषाणूला बराच काळ आवरून धरते. बी ३५ च्या काही प्रकारांत ते तोकडे पडते. हा वारसा जन्मजात आहे. रुग्णाच्या वर्तनाचा न्यायनिवाडा करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

अडचण अशी, की या दिवसांत रक्तात विषाणू उदंड असतो, प्रतिपिंडे मात्र तयार झालेली नसतात. त्यामुळे नेहमीची जलद चाचणी निर्दोष येते, आणि संसर्ग पसरण्याची भीती तर याच काळात सर्वाधिक! पी-२४ प्रतिजन अथवा विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी चाचणी हवी. डिचोलीतील डॉक्टरने संशय येताच रक्त बांबोळीला धाडावे व अहवाल वेळेत हाती यावा, अशी व्यवस्था आरोग्य खात्याने ठेवावी. काही आठवड्यांनी फेरचाचणीही व्हावी.

पण लोकांनी चाचणीला यावे कसे? १९८९ साली डॉमनिक डिसोझा या रक्तदात्यास एचआयव्ही आढळला म्हणून म्हापशात ६४ दिवस डांबण्यात आले, तेही कायद्याच्या आधारे. ही आठवण गोव्यात पुसलेली नाही. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने, जो २०१८ पासून अमलात आहे, संमतीविना चाचणीस व गुपित फोडण्यास बंदी घातली खरी. पण गावात कोण कुठल्या दवाखान्यात गेला हे संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोचते. म्हणून वेगळे दार नको, वेगळी रांग नको. तापाच्या इतर तपासण्यांबरोबर ही एक, रुग्णाला विचारून, घेतली जावी.